मालकाचा हात आणि धंद्याची घडी

लहान कारखानदार, दुकानदार किंवा खानावळीचा चालक यांच्या मनात एक समजूत खोलवर रुजलेली आढळते, ती ही की, मालाचा दर्जा हा मालकाच्या अहोरात्र हजेरीवरच अवलंबून असतो व काम दुसऱ्याकडे सोपविले की माल बिघडलाच म्हणून समजावे. या समजुतीपायी कित्येक कर्तबगार माणसे पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत खपतात, आणि ती अंथरुणाला खिळली की दुकानाला कुलूप लागते.

वस्तुस्थिती निराळी आहे व तिचा पुरावा मुंबईतच आहे. १९५९ च्या मार्चमध्ये गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर ७ महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून लिज्जत पापडाची संस्था उभी राहिली, आणि पुढे हजारो भगिनी आपापल्या घरी पापड लाटू लागल्या, तरी चव एकच राहिली. हे कसे साधले? जेथे चूक झाल्यास सगळाच माल फसेल, ते काम, म्हणजे जिन्नसांची खरेदी, मसाल्याचे प्रमाण आणि पीठ मळणे, संस्थेने आपल्या हाती ठेवले. लाटण्याचे जे कौशल्य घरोघरी होतेच, ते निःशंकपणे घरांवर सोपविले. आणि भगिनी तयार पापड घेऊन आल्या की ते तपासून, तोलून घेण्याचा व मजुरी चुकती करण्याचा शिरस्ता घालून दिला. काय राखावे, काय सोपवावे आणि परत आलेले कोठे पारखावे, हा विवेकच येथे दर्जाचा खरा रक्षक ठरला.

माणूस विश्वासू असला की लेखी व्यवस्थेची गरज नाही, हा दुसरा गैरसमज मला अधिक घातक वाटतो. शिवकाळात किल्ल्याचा कारभार हवालदार, सरनोबत आणि सबनीस या तिघांत वाटलेला असे व हिशेब सबनिसाकडे असे, त्यामुळे कोणा एकाच्या हाती सगळा किल्ला जात नसे. आजच्या दुकानातही गल्ला सांभाळणारा आणि रोजकीर्द लिहिणारा निराळा असावा. अशा वाटणीत नोकराचा अपमान मुळीच नाही, उलट प्रामाणिक नोकराला नाहक संशयापासून तीच वाचवते.

काम सोपविले की जबाबदारीही उतरली, असे मानणाऱ्यांनी १८७२ चा करार कायदा ध्यानात घ्यावा. त्यान्वये मालकाने दिलेल्या अधिकारात प्रतिनिधीने केलेला व्यवहार मालकावर बंधनकारक असतो. यास्तव मुनिमाने किती रकमेपर्यंत उधारी द्यावी आणि किती सूट द्यावी, याची मर्यादा आधीच ठरलेली हवी.

राहता राहिला तो आक्षेप, की शिकविण्यापेक्षा स्वतः केलेले लवकर होते. पहिल्या महिन्यापुरता तो खराही आहे. परंतु रोज घडणारे काम एकदा नीट शिकविले, त्याच्या पायऱ्या नोकराला वाचता येतील अशा साध्या भाषेत लिहून भिंतीवर लावल्या आणि प्रारंभी आपल्या देखत त्याच्याकडून करवून घेतले, म्हणजे खर्ची पडलेला वेळ वर्षभर परत मिळत राहतो. ज्यांच्या दुकानात असे एकही पान अद्याप लिहिलेले नाही, त्यांनी येत्या दिवाळीच्या वहीपूजनापूर्वी निदान मालखरेदीचे आणि उधारीचे नियम तरी लिहून काढावेत.