सणाची घाई आणि घरचा पैसा

दिवाळीच्या सुमारास मध्यमवर्गीय मराठी घरात जितका पैसा हलतो, तितका वर्षातील दुसऱ्या कोणत्याही पंधरवड्यात क्वचितच हलत असेल. बोनस हाती आलेला असतो. एखादी मुदतठेव याच वेळी पुरी व्हावी अशा बेताने ठेवलेली असते. भिशीची पाळी लागते. परगावी नोकरीस असलेला मुलगा आईच्या खात्यावर काही रक्कम पाठवितो. हा पैसा ज्या वेगाने येतो त्याच वेगाने जावयाचा असतो, कारण प्रत्येक खर्चास मुहूर्त ठरलेला आहे. सोने धनत्रयोदशीस, वाहन पाडव्यास, ओवाळणी भाऊबीजेस. मुहूर्त टळला की त्या खर्चाची निम्मी गोडी गेली, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. ती समजूत वाईट नव्हे; तिच्यामुळेच कित्येक घरांत गुंजागुंजाने का होईना सोने साठले. परंतु दुसऱ्याचा पैसा लुबाडण्याच्या विचारात असलेल्या मनुष्याला याहून सोयीचा काळ कोणता? समोरच्याने विचार करण्यास वेळ घेऊ नये, एवढीच त्याची इच्छा असते. आणि सणाने ते काम आधीच करून ठेवलेले असते.

फसतात ते लोभी किंवा अडाणी, असे बहुधा बोलले जाते. हे बोलणे फसलेल्यास अन्यायाचे आणि न फसलेल्यास धोक्याचे आहे. शिकलेली, काटकसरी, आयुष्यभर पै-पैचा हिशेब ठेवलेली माणसेही नाडली जातात; आणि त्यांना नाडणारी गोष्ट लोभ नसून घाई व भीड या दोन असतात. सणाच्या दिवसांत या दोन्हींस भर येतो.

एक नित्याचा प्रकार पाहावा. नवरात्र संपले की घरोघरी साफसफाई निघते. जुना सोफा किंवा जुने कपाट विकून टाकावे असे ठरते, आणि घरातील कोणीतरी जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीच्या संकेतस्थळावर जाहिरात देतो. अर्ध्या तासात फोन येतो. बोलणारा नम्र असतो, ‘काका’ म्हणून हाक मारतो, घासाघीस मुळीच करीत नाही. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, सामान नेण्यास गाडी उद्याच येईल, पैसे मात्र आताच पाठवितो, असे तो सांगतो. ओळखपत्राचे छायाचित्रही पाठवितो. सैन्याचे नाव निघाले की शंका घेणे घरातील कर्त्या गृहस्थास प्रशस्त वाटत नाही. नंतर मोबाइलवर एक चौकोनी क्यूआर कोड येतो आणि ‘काका, एवढा स्कॅन करून पिन टाका, म्हणजे पैसे जमा होतील’ अशी सूचना येते. पिन टाकला जातो. पैसे जमा होत नाहीत, खात्यातून जातात.

येथे यंत्रणेचे एक साधे तत्त्व कळले असते तर पुढचे टळले असते. यूपीआय ही पद्धत २०१६ साली आपल्या देशात सुरू झाली. तीत क्यूआर कोड म्हणजे पैसे घेणाऱ्याच्या खात्याचा पत्ता होय. तो स्कॅन करणे हे नेहमी देणाऱ्याचे काम असते. पिन ही चेकवरील सहीच समजावी. दुसऱ्याकडून यावयाच्या पैशासाठी कोणी आपल्या चेकबुकातील चेकवर सही करून देत नाही, तसाच येणाऱ्या पैशासाठी कोणासही पिन टाकावा लागत नाही. एका रुपयासाठीही नाही. पूर्वी याच यंत्रणेतून एक व्यक्ती दुसऱ्या व्यक्तीकडे पैशाची मागणी पाठवू शकत असे, आणि घाईत ‘पैसे आले’ असे समजून लोक ती मान्य करीत. व्यक्ती-व्यक्तींमधील मागणीची ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. एक वाट बुजली. क्यूआर कोडाची वाट उघडीच आहे.

दुसरा प्रकार फराळाच्या डब्याबरोबर येतो. मुलगा-सून अमेरिकेत किंवा दुबईत असतात, आणि आईने चकल्या, अनारसे, चिवडा बांधून कुरियरने रवाना केलेला असतो. डबा पोहोचेपर्यंत तिचे लक्ष फोनकडे. अशा वेळी ‘पत्ता अपुरा असल्यामुळे पार्सल अडले आहे, पंचवीस रुपये भरा’ असा संदेश आला, तर तो तिला खरा वाटावा यात नवल काय? पंचवीस रुपयांसाठी कोणी फारसा विचार करीत नाही. आणि दिलेल्या दुव्यावर तेवढे भरताना कार्डाचा सगळा तपशील भलत्याच्या हाती पडतो. ज्याने संदेश पाठविला त्याने फराळाचा डबा पाहिलेला नसतो. त्याने हाच संदेश हजारो लोकांस धाडलेला असतो; दिवाळीत त्यांपैकी पुष्कळांचे काही ना काही वाटेवर असते, इतकेच.

याच पार्सलाचे दुसरे टोक भयंकर आहे. ‘तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले’ असा फोन येतो, मग गणवेषातील मनुष्य व्हिडिओवर दिसतो, आणि ‘तुम्हांस डिजिटल अटक झाली आहे, कोणाशी बोलू नका’ असे बजावतो. अशी अटक भारतातील कोणत्याही कायद्यात नाही. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी, त्या वर्षीच्या दिवाळीच्या तोंडावर, पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’ या कार्यक्रमात हा विषय मुद्दाम काढला होता. ‘कोणाशी बोलू नका’ या आज्ञेतच सर्व मर्म आहे. शेजारच्या खोलीत नातवंडे किल्ला करीत असतात आणि आजोबा दार लावून आपली मुदतठेव मोडीत असतात. खरा अधिकारी माणसाला घरच्यांपासून तोडीत नाही.

शुभेच्छांच्या संदेशांतूनही संकट येते. आमंत्रणपत्रिका किंवा दिवाळीचे भेटकार्ड म्हणून एखादी फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असली तर ते चित्र नव्हे, तो मोबाइलमध्ये बसणारा प्रोग्राम आहे. तो एकदा आत शिरला की बँकेचे ओटीपी वाचू शकतो. पाठविणारा ओळखीचा असला तरी उपयोग नाही, कारण त्याचाच मोबाइल आधी बाधित झालेला असतो.

हे झाले उघड ठकांविषयी. परंतु सणात घरचा पैसा जाण्यास ठकच लागतो असे नाही. धनत्रयोदशीच्या सोन्याचाच हिशेब करून पाहावा. सोपे जावे म्हणून चोवीस कॅरट सोन्याचा भाव दहा ग्रॅमला १,००,००० रुपये धरू. बावीस कॅरटमध्ये हजार भागांत ९१६ भाग सोने असते, म्हणून दहा ग्रॅमच्या दागिन्यातील सोन्याची किंमत ९१,६०० रुपये. तीवर घडणावळ बारा टक्के, म्हणजे १०,९९२, बेरीज १,०२,५९२. तीवर तीन टक्के वस्तू व सेवा कर, सुमारे ३,०७८. एकूण १,०५,६७०. हाच दागिना दुसऱ्या दिवशी मोडावयास नेला तर सराफ सोन्याची किंमत देईल, घडणावळ देणार नाही. म्हणजे दुकानाची पायरी उतरताच चौदा हजार रुपये कमी झाले. गळ्यात घालावयाच्या दागिन्यासाठी हे मोजले तर हरकत नाही. परंतु ‘गुंतवणूक’ म्हणून घेणाऱ्याने या आकड्याकडे डोळेझाक करू नये.

‘घडणावळीवर अर्धी सूट’ ही पाटी तर फार लोकप्रिय आहे. ज्या दुकानात घडणावळ चोवीस टक्के आहे तेथे अर्धी सूट मिळून ती बारा होते. शेजारच्या दुकानात सूट नसता मुळातच बारा असते. सूट किती, हा प्रश्न विचारण्याऐवजी सूट वजा जाता घडणावळ किती, हे विचारावे. खडे, मोती, मिनाकाम यांचे वजन सोन्याच्या भावाने लावले आहे काय, हेही बिलावर निव्वळ वजन वेगळे लिहून घेतल्याशिवाय कळत नाही. दागिन्यावर तीन खुणा असाव्या लागतात: भारतीय मानक ब्यूरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा, आणि अंक व अक्षरे मिळून सहा वर्णांचा हॉलमार्क क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून या सहावर्णी क्रमांकावाचून हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये तो क्रमांक घातला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता व सराफाची नोंद दिसते. दोन मिनिटांचे काम आहे. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मागे रांग उभी असता ते करण्याचा संकोच वाटतो. तेव्हा खरेदी चार दिवस आधी ठरवून, वजन, घडणावळ व क्रमांक तपासून ठेवावा आणि मुहूर्तास केवळ दागिना घरी आणावा, ही जुन्या गृहिणींची रीत अजूनही उत्तम.

सराफांच्या मासिक बचत योजनांचा येथे थोडा विचार केला पाहिजे, कारण त्यांत बायकांचा घरखर्चातून वाचविलेला पैसा असतो. अकरा हप्ते गिऱ्हाइकाने भरावयाचे, बारावा दुकानदार घालणार, आणि दिवाळीस दागिना घ्यावयाचा, असा सामान्य नमुना. अकराच महिने का? कंपन्यांच्या ठेवींसंबंधीच्या २०१४ च्या नियमांप्रमाणे मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांच्या आत मालात वळती झाली नाही, तर ती ठेव ठरते व ठेवीचे सर्व निर्बंध लागू होतात. म्हणून योजना वर्षाच्या आत संपवितात. याचा अर्थ असा की भरलेला पैसा कायद्याच्या दृष्टीने ठेव नसून आगाऊ रक्कम आहे. बँकेतील ठेवीस पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, या रकमेस ते नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिवाळीस जेमतेम आठवडा उरला असता, ठाणे, डोंबिवली इत्यादी ठिकाणच्या ‘गुडविन ज्वेलर्स’ या पेढीच्या दुकानांस कुलुपे लागली. ज्यांनी महिनोन्महिने हप्ते भरले होते ती कुटुंबे बंद दारासमोर जमली. मालकांस डिसेंबर २०१९ मध्ये अटक झाली. परंतु अटकेने मुलीच्या लग्नाचे मंगळसूत्र त्या मोसमात घरी आले नाही. पेढी वर्षानुवर्षांची ओळखीची असली तरी तेवढ्या विश्वासावर घरातील सगळी बचत एकाच ठिकाणी गुंतवू नये. आणि सोने घ्यावयाचेच आहे, तर दरमहा तीच रक्कम बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकून दिवाळीस रोखीने घेणाऱ्यास कोणते दुकान नाही म्हणेल?

विनाव्याज हप्त्यांविषयी थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांवर बोट ठेवले होते, कारण व्याज कोठेतरी दडलेलेच असते. साठ हजारांचा दूरचित्रवाणी संच सहा हप्त्यांनी घेतला, तर बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी रक्कम किमतीत कमी दाखवितो. अडीच हजार व्याज झाले तर त्यावरील अठरा टक्के कर, म्हणजे ४५० रुपये, गिऱ्हाइकाच्या माथी. प्रक्रिया शुल्क निराळे. रोखीने घेतल्यास किती कमी कराल, असे विचारताच दडलेले व्याज बहुधा बाहेर पडते. क्रेडिट कार्डाच्या बिलातील ‘किमान देय रक्कम’ भरून उरलेले पुढे ढकलणे हे याहून महाग. त्यास दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज पडू शकते, म्हणजे वर्षाचे चाळीस टक्के. दिवाळीची साडी होळीपर्यंत दीडपट महाग होत नाही खरी, पण वाटते त्यापेक्षा पुष्कळ महाग होते.

सुटीतील प्रवासासाठी घरे भाड्याने घेणाऱ्यांनी अलिबाग, लोणावळा, महाबळेश्वर अशा ठिकाणच्या बंगल्यांची सुंदर छायाचित्रे पाहून आगाऊ रक्कम धाडू नये. छायाचित्र कोणाचेही उचलता येते. इंटरनेटवर शोधून मिळालेला दूरध्वनी क्रमांक त्या हॉटेलचाच असेल असेही नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. पैसा गेल्यावर घरात काय होते? गृहस्थ गप्प बसतात. सण आहे, पाहुणे आले आहेत, सुनेसमोर, जावयासमोर कसे सांगावे? पाहुणे गेले की पाहू, असे म्हणून दोन दिवस जातात. आणि ठकाला मुख्यतः हेच दोन दिवस हवे असतात. चोरलेला पैसा पहिल्या खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात फिरत जाऊन अखेर एटीएममधून काढला जातो. केंद्र सरकारच्या गृहखात्याने चालविलेल्या १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदली गेली की ती त्या साखळीतील बँकांकडे जाते, व ज्या खात्यात पैसा अजून पडून आहे तेथे तो गोठविता येतो. पैसा बाहेर पडल्यावर गोठविण्यास काही उरत नाही. म्हणून तासाचा हिशेब करावा, दिवसाचा नव्हे. फोन करताना रक्कम, वेळ, आपल्या बँकेचे नाव आणि व्यवहाराचा क्रमांक जवळ असावा. मिळालेला तक्रार क्रमांक लिहून घेऊन गृहखात्याच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी.

बँकेसही त्याच वेळी कळवावे. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असे तत्त्व घालून दिले की, ग्राहकाने स्वतःच पिन सांगितला असला तरी बँकेस कळवीपर्यंत गेलेली रक्कम तेवढी त्याची. कळविल्यानंतर जी जाईल तिची जबाबदारी बँकेची. रात्री नऊ वाजता दहा हजार गेले आणि गृहस्थ लाजेने सकाळपर्यंत बोलले नाहीत, मध्यंतरी आणखी नव्वद हजार गेले, तर ते नव्वद हजार न बोलण्याचे होत. घरातील वडील माणसांस हे आधीच, वसुबारसेच्या आत, सर्वांदेखत सांगून ठेवावे: चूक झाली तर कोणी रागावणार नाही, फक्त तत्काळ सांगा, आणि १९३० हा आकडा फोनच्या शेजारी, दुधवाल्याच्या हिशेबाच्या कागदावर, मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा.