एका वेळी एकच भ्रूण

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बाळ जन्मले, तेव्हा मूल झाले हेच मोठे यश होते. आज हा टेस्ट ट्यूबचा, म्हणजे आयव्हीएफचा उपचार अमरावती-अकोल्यात मिळतो. त्यामुळे यशाची मोजणीही बदलायला हवी. तपासणी पॉझिटिव्ह आली एवढ्यावर भागत नाही. दिवस पूर्ण भरलेले, चांगल्या वजनाचे बाळ धडधाकट आईच्या कुशीत घरी जावे. हे बरेचसे एका निर्णयावर ठरते: गर्भाशयात भ्रूण किती सोडायचे.

दोन-तीन सोडले तर एखादे तरी रुजेल, हा हिशेब वरवर बिनचूक वाटतो. पण दोन्ही रुजली तर जुळी, आणि जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक ३७ आठवड्यांआधीच जन्मतात. अशा बाळांची फुप्फुसे कच्ची असतात, दूध ओढवत नाही, अंग गार पडते, जंतुसंसर्ग चटकन होतो. आईचा रक्तदाब आणि बाळंतपणातला रक्तस्राव वाढण्याचा धोकाही असतो. अमरावतीच्या डफरीन रुग्णालयात, अकोल्याच्या लेडी हार्डिंग रुग्णालयात नवजात बाळांचे विशेष कक्ष आहेत. पण मेळघाटचा घाट उतरून आणलेल्या अशक्त लेकरांनाही तिथेच जागा हवी असते. टाळता येणारी अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे उपचारानेच वाढवावीत, हे मला मुळीच मान्य नाही. २००४ साली स्कँडिनेव्हियात ३६ वर्षांखालील स्त्रियांवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. एकदम दोन भ्रूण सोडलेल्या गटात ४२.९ टक्के स्त्रियांना मूल झाले. आधी एक, ते न रुजल्यास गोठवलेले दुसरे, अशा गटात ३८.८ टक्के. एवढ्या थोड्या फरकाच्या बदल्यात बाळंतपणांतले जुळ्यांचे प्रमाण ३३.१ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले.

यावर घरोघरी निघणारा आक्षेप पैशाचा. कापूस-सोयाबीनच्या भावावर चालणाऱ्या घराने कर्ज काढून उपचार केलेला असतो. एकाच खर्चात दोन लेकरे झाली तर बरेच, असे वडीलधाऱ्यांना वाटते. ही ओढाताण खरी आहे. मात्र उरलेली भ्रूणे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवता येतात (लोडशेडिंगची धास्ती नको, नायट्रोजन वेळच्या वेळी भरला की झाले). पुढच्या खेपेला स्त्रीबीजे पुन्हा काढावी लागत नाहीत, त्यामुळे खर्च पहिल्यापेक्षा कमी येतो. उलट दोन बाळे कित्येक आठवडे खासगी रुग्णालयाच्या काचेच्या पेटीत राहिली, तर वाचवलेले पैसे कुठल्या कुठे जातात. वय चाळिशीकडे झुकलेले असेल, भ्रूणे कमकुवत असतील, तर दोनचा विचार रास्त ठरू शकतो. एकच भ्रूण सोडले म्हणजे सारे धोके संपले, असेही नाही: आयव्हीएफच्या एकट्या बाळांतही मुदतपूर्व जन्म थोडे अधिक दिसतात, आणि गोठवलेल्या भ्रूणाच्या गरोदरपणात आईचा रक्तदाब वाढण्याचा संभव काहीसा जास्त असतो. म्हणून नियमित तपासण्या चुकवू नयेत. या उपचारासंबंधीच्या २०२१ च्या कायद्याने केंद्रांची नोंदणी सक्तीची केली आहे आणि उपचाराचे फायदे, धोके, खर्च जोडप्याला समजावून सांगणे हे केंद्राचे कर्तव्य ठरवले आहे. भ्रूण सोडण्याच्या दिवसाआधीच डॉक्टरांना विचारा: किती सोडणार, का, आणि उरलेल्यांचे काय?