ध्वनिस्तरण

ध्वनिस्तरण : एकाच स्वरासाठी दोन वा अधिक संश्लेषित ध्वनी एकाच वेळी वाजवून त्यांतून कानाला एकच वाटणारा संयुक्त ध्वनी घडविण्याची क्रिया. संगणकावरील संगीतनिर्मितीत ती आता नित्याची झाली आहे. तीतील प्रत्येक घटक ध्वनीस स्तर म्हणतात. निरनिराळे स्वर एकत्र वाजवून होणाऱ्या स्वरमेळाहून ही क्रिया भिन्न होय. स्वरमेळात प्रत्येक स्वराचे अस्तित्व जाणवावे लागते, तर स्तरणात घटक एकमेकांत विरून जावे लागतात.

मूळ कल्पना जुनी आहे. पाइप ऑर्गनमध्ये एकाच पट्टीवर ८ फुटी, ४ फुटी व २ फुटी नळ्यांचे संच जोडून ध्वनी भरदार करीत. आपल्याकडील दोन वा तीन सुरी पेटीत नर सुरास खर्जाची जोड मिळते, ती याच तत्त्वावर. हॅमंड ऑर्गनमध्ये (१९३५) नऊ दांड्या कमीजास्त ओढून घटकांचे प्रमाण ठरविता येई, तर मिनिमूग या संश्लेषकात (१९७०) एका स्वरामागे तीन आंदोलक होते. १९८३ मध्ये मिडी ही संकेतपद्धती आल्यावर एका वाद्यपट्टीवरून अनेक संश्लेषक एकदम वाजविणे सुलभ झाले. पुढे १९९९ पासून व्हीएसटी पद्धतीने आज्ञावलीरूप वाद्ये संगणकातच जोडता येऊ लागली व स्तरांच्या संख्येवर संगणकाच्या क्षमतेखेरीज दुसरे बंधन उरले नाही. त्यामुळे नवशिक्याकडून स्तरांची गर्दी होते आणि अपेक्षित भरदारपणाऐवजी गढूळ आवाज पदरी पडतो. प्रत्येक स्तराला स्वतंत्र काम नेमून देणे हे या तंत्राचे मर्म होय.

ही विभागणी प्रथम काळात करता येते. वाद्याची ओळख पटण्यात स्वराच्या आरंभीच्या अल्प भागाचा मोठा वाटा असतो. हा भाग कापून टाकल्यास परिचित वाद्येही श्रोत्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले. या गोष्टीचा उपयोग रोलंड कंपनीच्या डी-५० या संश्लेषकात (१९८७) केला गेला. त्या काळी अंकीय स्मृती महाग होती. म्हणून खऱ्या वाद्याच्या मुद्रणातील केवळ आघाताचा तुकडा साठवून त्यापुढील दीर्घ नाद संश्लेषणाने निर्माण करीत. आज स्मृतीची टंचाई नसली, तरी आघातासाठी एक व नादासाठी दुसरा स्तर घेण्याची रीत टिकून आहे.

दुसरी विभागणी कंप्रतेनुसार होते. खर्जाचा ५५ हर्ट्झचा स्वर शुद्ध ज्या-तरंगाने वाजविल्यास मोठ्या स्पीकरवर तो भरघोस ऐकू येतो. परंतु भ्रमणध्वनीच्या चिमुकल्या स्पीकरवर तो जवळजवळ नाहीसा होतो आणि श्रोत्याच्या लेखी गाण्याचा पायाच निघून जातो. यावर उपाय म्हणून त्याच स्वराचा, पण वरच्या घटकांनी समृद्ध असा दुसरा स्तर जोडतात. २२०, २७५, ३३० हर्ट्झ असे पूर्णपटीतील घटक कानी पडले की, मूळ ५५ हर्ट्झ कंप्रता प्रत्यक्षात नसतानाही मेंदू तो स्वर ताडतो. दोन्ही स्तर एकमेकांवर चढू नयेत म्हणून वरच्या स्तरातील सु. १२० हर्ट्झखालील भाग छानकाने काढून टाकतात. नीच कंप्रतेचा प्रबळ ध्वनी उच्च कंप्रतेच्या ध्वनीस सहज झाकतो. याच्या उलट क्वचित घडते. म्हणून खालच्या भागात एकच स्तर राखणे श्रेयस्कर [⟶ श्रवण].

सर्वांत फसवी अडचण कलेची, म्हणजे तरंगांच्या परस्परसापेक्ष स्थितीची. समान स्वरूपाचे दोन स्तर समकलेत असतील, तर पातळी ६ डेसिबेलनी वाढते. विरुद्ध कलेत असतील, तर दोन्ही एकमेकांस नष्ट करतात. दोहोंत ७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) इतका फरक ठेवला, तर ४४० हर्ट्झच्या स्वराजवळ आवाज सेकंदास सु. १·८ वेळा चढतो व उतरतो. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित विलग असता येणाऱ्या डोलासारखाच हा चढउतार असून तो कानाला सुखावह वाटतो. सात आंदोलक अशाच रीतीने विलग करून मिळणारा रुंद ध्वनी रोलंडच्या जेपी-८००० या संश्लेषकामुळे नृत्यसंगीतात रूढ झाला. मात्र तोच ७ सेंटांचा फरक ५५ हर्ट्झवर ठेवला, तर चढउताराचे एक आवर्तन पुरे होण्यास सु. साडेचार सेकंद लागतात. खर्जाचा स्वर सामान्यतः अर्धा सेकंदही टिकत नाही. परिणामी एक स्वर जोरकस, तर पुढचा पोकळ लागतो आणि वादकाचा हात चुकला की काय, असा भास होतो. आंदोलकांची कला प्रत्येक स्वरारंभी पुन्हा शून्यापासून सुरू करण्याची सोय बऱ्याच आज्ञावलींत असते, ती अशा वेळी उपयोगी पडते. परंतु खर्जात फरक मुळीच न ठेवणे हाच खात्रीचा मार्ग होय.

एकच ध्वनी दोन स्तरांत असून त्यांपैकी एक केवळ १ मिलिसेकंदाने मागे पडला, तरी ५००, १,५००, २,५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाजात खाचा पडतात. दोन वाहिन्यांत पसरलेल्या स्तरांची मिश्रणेही एका स्पीकरवर एकत्र आल्यास अशाच प्रकारे क्षीण होऊ शकतात. म्हणून काम करताना मधून मधून एकवाहिनी करून ऐकणे अत्यावश्यक ठरते.

स्तरांची पारख करताना कानाची आणखी एक खोड लक्षात ठेवावी लागते. मोठा आवाज कानाला चांगला वाटतो. नवा स्तर जोडला की आवाज वाढतोच आणि तो स्तर उपयुक्त असल्याचा समज होतो. यासाठी तो जोडून व काढून एकूण पातळी समान करून तुलना करतात. काढल्यावर काही उणे वाटले नाही, तर तो निःशंकपणे वगळावा. उरलेल्या स्तरांना समाईक छानक, समाईक परिवलय आणि एकाच दालनाचा प्रतिनाद दिल्याने ते एकजीव होतात. मुक्तपणे फिरणाऱ्या आंदोलकांमुळे प्रत्येक वादनात फल थोडे बदलते. म्हणून मनाजोगे वादन साधताच संयुक्त ध्वनीचे एकसंध मुद्रण करून ठेवतात व मूळ स्तर बंद करतात.