बिडाच्या तव्यापासून वॉफलच्या साच्यापर्यंत

बेळगावात रविवारची खास न्याहारी गेल्या पंचवीस-तीस वर्षांत बदलली, पण वाटते तितकी नाही. नव्वदच्या दशकात शनिवारी तांदूळ, उडीद आणि चिमूटभर मेथी भिजत पडायची, रात्री वाटण व्हायचं आणि सकाळी बिडाच्या तव्यावर आंबोळ्या. चैन काय ती वरच्या पांढऱ्या लोण्याची. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंच, त्यामुळे डिसेंबरात पीठ लवकर फुगायचं नाव घेत नसे. मग पातेलं गोधडीत गुंडाळायचं.

वॉफल तेव्हा आमच्यासाठी इंग्रजी सिनेमातलं. तिकडे मात्र त्याच्या साच्याचं अमेरिकन पेटंट 1869 सालचं, कॉर्नेलियस स्वार्टवाउट यांच्या नावे. खोल खळग्यांचं ‘बेल्जियन’ वॉफल स्ट्रॉबेरी आणि फेटलेल्या क्रीमसकट गाजलं ते 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात. आपल्याकडे 2015 मध्ये मुंबईत ‘द बेल्जियन वॉफल कंपनी’ सुरू झाली आणि पुढे चॉकलेटमध्ये बुडवलेलं वॉफल गावोगावच्या पोरांना ठाऊक झालं. विजेवरचं यंत्र आमच्या ओट्यावर आलं 2020 च्या टाळेबंदीत.

सुरुवातीची वॉफलं तयार पाकिटातली. गोड, मऊ आणि ताटात पडताच मलूल. साखर जास्त असली की बाहेरून रंग लवकर चढतो, आतली वाफ मात्र कोंडलेलीच राहते आणि तीच नंतर कुरकुरीतपणा घालवते. मैद्यात चौथा हिस्सा तांदळाची पिठी घातली, साखर चमचाभरावर आणली आणि ताटाऐवजी जाळीवर काढली, तेव्हा कुठे ती ताठ उभी राहिली. पण चव आली ती सासूबाईंच्या एका वाक्याने : “आंबव की रात्री, घाई कशाला गे?” दूध, मैदा, पातळ केलेलं लोणी आणि अगदी थोडं यीस्ट कालवून रात्रभर ठेवायचं, अंडं आणि चिमूटभर सोडा सकाळी. म्हणजे वेळापत्रक पुन्हा आंबोळीचंच. गोधडीसुद्धा.

मेपल सिरपची महागडी बाटली एकदा आणली, परत नाही. निपाणी-चिकोडीकडे गुऱ्हाळं लागली की काकवी मिळते. ती कोमट करून खळग्यांत भरायची आणि वर लोण्याचा गोळा, किंचित मीठ लावलेला. काकवीचा तो जरासा खारट-करपट गोडवा चॉकलेट सॉसला सात जन्मांत यायचा नाही. (मटणाच्या रश्शाबरोबरही वॉफल खाऊन पाहिलं. खळगे रस्सा छान धरतात, पण तिथे आंबोळीच हवी.)

यंत्रात एका वेळी दोनच होतात, म्हणून ते जेवणाच्या टेबलावरच मांडतो. वायर तिथवर पोचते. आंबोळ्या घालणारी बाई चुलीपाशी उभी असायची आणि सगळ्यांच्या मागून खायची. आता साचा मिटला की चार मिनिटं मोकळी मिळतात, आणि तेवढ्यात घालणारीचं अर्धं वॉफल खाऊन होतं.