फादर आमच्या गावात आले तेव्हा

सप्टेंबर २०१९ मधली गोष्ट. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या उस्मानाबादला होणार, हे ठरलेलंच होतं. (गावाचं नाव सरकारदरबारी धाराशिव झालं ते पुढे २०२३ मध्ये. घरात आम्ही दोन्ही म्हणत आलोय.) आमच्या महिला मंडळाची तयारी जोरात सुरू होती. ग्रंथदिंडीत नऊवारी नेसायची की सहावारी, डोक्यावर तुळस की पुस्तक, यावर दोन बैठका झाल्या. आणि मग अध्यक्षांचं नाव जाहीर झालं, फादर फ्रान्सिस दिब्रिटो.

"फादर म्हंजे चर्चमधले? ते कसं काय मराठी संमेलनाचे अध्यक्ष?" आमच्या मंडळातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकूंनी विचारलं. त्यांना फादर माहीत ते सिनेमातले. पांढरा पायघोळ झगा, गळ्यात क्रूस, आणि हिरोला लहानपणी सांभाळणारे! त्यात मोबाइलवर मेसेज फिरू लागले. 'धर्म बाटवायला येतायत', 'आपल्यात लेखक संपले का?' वगैरे. दोघी-तिघींनी दिंडीला येणार नाही असं सांगूनच टाकलं. माझ्याकडे सगळ्यांनी पाहिलं, कारण मंडळाची चिटणीस मी. मी काय म्हणाले असेन? "बघू." एवढंच. बीए मराठीला संतसाहित्य शिकलेली, चारचौघीत भाषण करणारी मी, वेळ आली तेव्हा "बघू" म्हणून उठले. ते मला रात्री झोपताना टोचत राहिलं.

खरं तर फादर मी पाहिलेले होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी पोर होते, उमरगा तालुक्यात. आमच्या घराची एक भिंत गेली, माणसं वाचली. पुढच्या गावांत तर रांगेनं चिता पेटलेल्या. त्या दिवसांत मदतीला देशभरातून माणसं आली, त्यात झगा घातलेले एक गृहस्थही होते. झग्याची खालची कड चिखलात माखलेली आणि ते पाण्याचा ड्रम लोळवत आणत होते. ते कोण, कुठले, कधीच कळलं नाही. आईनं त्यांना गुळाचा चहा दिला होता, एवढं पक्कं आठवतं.

दुसऱ्या दिवशी मी सरळ एका पाळकसाहेबांकडे गेले. आमच्या भागातल्या एका छोट्या चर्चचे ते पाळक. दारुड्या नवऱ्याच्या मारहाणीच्या एका प्रकरणात आमची ओळख झाली होती. त्या बाईला रात्री अकरा वाजता त्यांनी स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. मी म्हटलं, तुमचे फादर येणार आहेत, जरा समजावून सांगा. तर ते हसायलाच लागले.

"ताई, ते कॅथलिक, मी प्रोटेस्टंट. त्यांना लग्न करता येत नाही, मला लग्न केल्याशिवाय घरच्यांनी सोडलं नाही!"

मग त्यांनी सांगितलं. कॅथलिकांचे धर्मगुरू ते फादर, त्यांची उपासना ती मिस्सा. प्रोटेस्टंटांकडे पाळक. पाळक म्हणजे मेंढपाळच. आणि चर्चला जोडलेली सगळी माणसं म्हणजे 'मंडळी'. हा शब्द ऐकून मला गंमत वाटली. आपल्याकडे 'आमची मंडळी' म्हणजे काय, ते काही सांगायला नको!

मेंढपाळ मात्र आपल्या जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेनं मेंढ्यांचा तांडा चाललेला असतोच. शंभरातलं एक मेंढरू हरवलं तर नव्याण्णव सोडून त्याच्यामागं जाणारा मेंढपाळ येशूनं गोष्टीत सांगितलाय. पाळकसाहेब म्हणाले, "प्रवचनात ही गोष्ट फार गोड वाटते. पण त्या नव्याण्णवांचं काय होतं ते मला विचारा! एकाच्या दवाखान्यात चार दिवस काढले की बाकीचे म्हणतात, पाळक आमच्याकडं फिरकतच नाही."

त्यांच्याकडे एक डायरी आहे, शाळेच्या वहीसारखी. कुणाच्या घरी शेवटचं कधी गेलो, याची तारीख ते लिहून ठेवतात. महिना उलटला की त्या नावापुढे फुली. फुलीवाल्याकडे आधी जायचं. मी ती वही चाळली. धर्माचं त्यात काही दिसेना! 'म्हातारीचा चष्मा', 'पोराची फी', 'भावाभावांत बांध', 'पुन्हा प्यायला लागला', असलंच सगळं. रविवारची उपासना हे त्यांच्या आठवड्यातलं सगळ्यात सोपं काम असावं.

"आणि भांडणं?" मी विचारलं.

"नाताळच्या आधी चर्चला रंग कुठला द्यायचा यावरून कमिटी दोन महिने बोलत नव्हती. शेवटी चुनाच मारला."

आमच्या मंडळाची नऊवारी-सहावारी मला आठवली. माणसं सगळीकडे सारखीच हो!

एक प्रश्न मात्र मी घाबरत विचारला. विश्वास डळमळतो का कधी? ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, एका घरी आठ महिन्यांचं लेकरू गेलं. दफनाला उभा राहिलो आणि पुस्तक उघडलं, पण तोंडातून शब्दच फुटेना. लेकराची आई माझ्याकडे बघतेय, तिला उत्तर पाहिजे आहे. "मी पुस्तक मिटलं आणि त्या बापाबरोबर हातानं माती लोटत बसलो. मंडळीतले काही जण नंतर म्हणाले, पाळकांनी प्रार्थना नीट घेतली नाही. पण ती बाई अजून दर रविवारी येते."

यावर मी काय बोलणार? चहा गार झाला होता. त्यांच्या पत्नीनं तो परत गरम करून आणला. या वहिनी शाळेत शिकवतात, त्यांच्या पगारावर घर चालतं. शिवाय चर्चमधल्या बायकांची बाळंतपणं, रुसवेफुगवे, नाताळचा फराळ हे सगळं त्यांच्याकडे. पाळकाचं काम दोघं करतात आणि डायरी एकाच्या नावावर असते! मला लक्ष्मीबाई टिळकांची आठवण झाली. रेव्हरंड ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. लक्ष्मीबाई काही लगेच त्यांच्यामागं गेल्या नाहीत. रडल्या, भांडल्या, लेकराला घेऊन वेगळ्या राहिल्या, आणि स्वतःला पटलं तेव्हाच १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. घरात आलेलं सगळं वाटून टाकणाऱ्या नवऱ्याचा संसार कसा केला, ते त्यांच्या 'स्मृतिचित्रे'त वाचताना हसू येतं आणि डोळेही भरतात. त्यांच्याच काळातल्या पंडिता रमाबाईंनी तर केडगावला बसून अख्खं बायबल मराठीत आणलं. तरी कॅथलिक चर्चमध्ये बाईला आजही धर्मगुरू होता येत नाही. चर्च ऑफ नॉर्थ इंडियासारख्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये होता येतं. पण आपण तरी कुठल्या तोंडानं बोलायचं? आपल्याकडे गाभाऱ्यात बाईनं जावं की नाही यासाठी कोर्टात जावं लागलं.

पाळकसाहेबांनी निघताना मला 'सुवार्ता' मासिकाचे जुने अंक दिले. हे वसईच्या ख्रिस्ती समाजाचं मराठी मासिक. फादर दिब्रिटो १९८३ ते २००७ एवढा काळ त्याचे संपादक होते. घरी येऊन मी वाचत बसले आणि मिळतील तिथून त्यांची पुस्तकंही आणली. वसई तालुक्यातल्या नंदाखालचे फादर १९७२ मध्ये धर्मगुरू झाले. त्याच्या थोडं आधीपर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची. बसलेल्यांना काही कळायचं नाही. १९६२ ते १९६५ मध्ये रोमला मोठी धर्मपरिषद झाली, तिनं लोकांच्या भाषेत उपासना करायला मोकळीक दिली आणि वसईत देव मराठी बोलायला लागला. ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या आपल्याला यात नवल काय वाटावं? तसं पाहिलं तर गोव्यातल्या फादर स्टीफन्स यांचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्येच छापलं गेलं होतं, तेही आपल्या ओवीत. फादर दिब्रिटोंनी वर्षानुवर्षं खपून 'सुबोध बायबल' केलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. म्हणजे 'कसे काय मराठी संमेलनाचे अध्यक्ष' या काकूंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या हातात होतं.

पण काकूंना पुस्तकांनी पटलं नाही. पटलं ते पाण्यानं!

वसई म्हणजे विहिरी, केळी आणि भाजीचे मळे. शेजारी मुंबई वाढत होती, तिला पाणी पाहिजे होतं. वसईच्या विहिरींतून टँकरच्या टँकर भरून बाहेर जाऊ लागले. समुद्राकाठची जमीन ती. गोडं पाणी उपसलं की खारं आत शिरतं. मागोमाग बिल्डर आले, जमिनी जाऊ लागल्या, आडवं येईल त्याला गुंडांचा धाक. १९८० च्या दशकाच्या शेवटी 'हरित वसई संरक्षण समिती' उभी राहिली आणि फादर दिब्रिटो तिच्या पुढाऱ्यांत होते. ख्रिस्ती आणि हिंदू दोघंही, बायाबापड्यांसकट, मोर्चात चालले. धर्मगुरूला यात पडायचं काय कारण, असं म्हणणारे असतातच. पण घागर रिकामी असलेल्या बाईला धर्मगुरूनं काय नुसतं स्वर्गातल्या पाण्याविषयी सांगायचं?

मी मंडळात हे सांगितलं. काकूंनी आयुष्यभर टँकरमागं घागर घेऊन पळापळ केलेली. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी आपल्याकडे काय हाल होते ते मी लिहायला नको. त्या म्हणाल्या, "आपल्याकडं टँकर येतो, त्येंच्याकडनं टँकर जायचा म्हण की! अन् त्येनला आडवा झाला हा माणूस?" जरा थांबून म्हणाल्या, "मग येऊ द्या की."

सगळ्यांचं मन काही असं वळलं नाही. दोघी शेवटपर्यंत आल्या नाहीत, आणि त्यांच्याशी माझं बोलणं आजही जरा जपूनच असतं. बाहेर तर वातावरण तापलेलंच होतं. साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांना धमक्यांचे फोन आल्याच्या बातम्या आल्या. उद्घाटक ना. धों. महानोर यांनाही जाऊ नका म्हणून सांगण्यात आलं. महानोर आले. हा शेतकरी कवी आता नाही, २०२३ मध्ये गेला.

१० जानेवारी २०२०. संमेलनाच्या जागेला नाव दिलं होतं संत गोरोबा काका साहित्यनगरी. तेर आपल्याच जिल्ह्यातलं. गोरोबाकाकांनी थापटणं घेऊन एकेका संताच्या डोक्यावर वाजवून पाहिलं, कुठलं मडकं पक्कं नि कुठलं कच्चं, ही गोष्ट इथं लहान पोरालाही ठाऊक असते. नामदेवांसारख्या नामदेवांना कच्चं ठरवलं गेलं! मांडवात बसल्या बसल्या मला वाटत होतं, आज गावानं या पाहुण्यावर थापटणं उगारलंय.

फादर आले ते व्हीलचेअरवर. पाठीच्या दुखण्यानं बेजार होते. मी मनात भाषणबिषण सगळं विसरले. या वयात, या दुखण्यात वसईहून इथवरचा प्रवास! वर धमक्या. प्रकृतीचं कारण सांगून घरी राहिले असते तर कुणी नावं ठेवली नसती. संमेलनाला १४० हून अधिक वर्षांत, त्र्याण्णवाव्या खेपेला, पहिला ख्रिस्ती अध्यक्ष मिळाला होता, आणि तो आपल्या गावात बसून बोलत होता. आवाज शांत. कुणावर ओरडले नाहीत. पण देशात अयोग्य घडत असेल तर लेखकानं गप्प बसू नये, हे त्यांनी आडवळण न घेता सांगितलं. मला माझं "बघू" आठवलं. शेजारी काकू पदर सावरून बसल्या होत्या. मध्येच माझ्या कानाशी म्हणाल्या, "लई शुद्ध बोलतोय गं. आपल्या गुरुजीसारखा." प्रकृतीमुळे फादरना संमेलन अर्ध्यावर सोडून परतावं लागलं. दोन महिन्यांत करोना आला आणि सगळं मागं पडलं.

२५ जुलै २०२४ ला फादर वसईत वारले. पाळकसाहेबांचा मला फोन आला, म्हणाले, "ताई, तुमच्या मंडळात त्यांच्यासाठी पाच मिनिटं बसता येईल का? मीही येतो." आम्ही बसलो. अकरा जणी आल्या. मी 'सुवार्ता'चे ते जुने अंक मांडून ठेवले, पाळकसाहेबांनी छोटी प्रार्थना म्हटली, एकीनं गोरोबाकाकांचा अभंग गायला. काकूंना आता नीट ऐकू येत नाही, त्यांना पुढंच बसवलं होतं.

सगळं झाल्यावर काकूंनी त्यांना विचारलं, "लगीन नव्हतं म्हणता त्येंचं. मग मागं रडायला कोण हाय?"

"मंडळी आहे ना, आजी. मोठी मंडळी आहे," पाळकसाहेब म्हणाले.

काकू एकदम ताठ झाल्या. माझ्याकडे वळून मोठ्यांदा म्हणाल्या, "बघ! मंडळी हाय म्हणत्यात. अन् तू मला सांगत होतीस, बायको नसते म्हणून!"

पाळकसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला. त्यांच्या वहिनी आधी हसल्या, मग आम्ही सगळ्याच. काकूंना आम्ही का हसतोय तेच कळेना. त्या म्हणाल्या, "हसू नका, चहा ठेवा."