पोटरीत गोळा आला तर, आणि येऊ नये म्हणून



पिकावरच्या रोगाबद्दल आपण या पत्रिकेत नेहमी बोलतो. आज पीक उभे करणाऱ्या पायांबद्दल बोलू.

दिवसभर ऊस तोडला, वाकून भाताची लावणी केली किंवा उन्हात कांदा काढला, की पोटरीत एकदम गोळा येतो. कोणी त्याला वांब म्हणतात, कोणी पेटका. पोटरी दगडासारखी घट्ट होते, पाय हलवता येत नाही. बहुतेक वेळा हा त्रास साधा असतो आणि काही मिनिटांत जातो. पण भर उन्हात, कामावर असताना आलेला गोळा ही शरीराने दिलेली सूचना असते. ती ओळखून थांबलात तर फार तर अर्ध्या दिवसाचे काम बुडेल. तसेच रेटत राहिलात तर जिवावर बेतू शकते.

गोळा का येतो?

स्नायू आवळतो आणि सैल होतो, म्हणून आपण चालतो. स्नायू फार दमला की त्याला मज्जातंतूकडून आवळण्याचाच हुकूम जात राहतो आणि तो सैल पडत नाही. हाच गोळा. उकिडवे बसून खुरपणी करणे, तासन् तास चिखलात उभे राहणे, पाठीवर पंप घेऊन बांधावरून फिरणे यात पोटरीवर फार ताण येतो. गरोदर बायांना शेवटच्या महिन्यांत आणि वयस्कर माणसांना रात्री गोळे जास्त येतात.

उन्हाळ्यात याला दुसरे कारण जोडले जाते. घामावाटे नुसते पाणी जात नाही, मीठही जाते. घाम वाळल्यावर सदऱ्यावर जे पांढरे पट्टे दिसतात, ते मीठच. घाम भरपूर गेला आणि वर नुसतेच पाणी पोटभर प्यालो, तर अंगातले मीठ आणखी पातळ होते. इंग्लंडच्या खोल, उष्ण कोळसा खाणींत कामगारांना असेच गोळे येत. तेथे १९२३ च्या सुमारास अभ्यास झाला, आणि पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर त्यांना आराम पडला. पिकाला नुसते पाणी देऊन भागत नाही, खतही लागते, तसेच हे आहे.

गोळा आला की काय करावे?

आपण दुखणारा पाय पोटाशी आखडून घेतो. त्याने गोळा सुटत नाही. पाय आखडू नका, ताणा.

१. बसलेले किंवा निजलेले असाल तर गुडघा सरळ करा आणि पायाचा चवडा नडगीकडे ओढा. हात पोचत नसेल तर पंचा किंवा टॉवेल चवड्याला अडकवून हळूहळू ओढा. झटका देऊ नका.

२. उभे असाल तर गोळा आलेला पाय मागे न्या, टाच जमिनीला टेकवा आणि दुसरा गुडघा वाकवून पुढे झुका. झाडाचा किंवा भिंतीचा आधार घ्या.

३. मांडीच्या मागच्या बाजूला गोळा आला तर बसून गुडघा सरळ करा. पुढच्या बाजूला आला तर उभे राहून टाच मागून ढुंगणाकडे ओढा.

४. ताण धरूनच तळहाताने स्नायू चोळा. गोळा सुटल्यावर कोमट पाण्याचा शेक द्या, थोडे चाला. पोटरी फडक्याने करकचून आवळू नका.

गोळा उन्हात काम करताना आला असेल तर लगेच सावलीत जा, कपडे सैल करा आणि मीठ-साखरेचे पाणी घोट घोट घ्या. बरे वाटले म्हणून लगेच कोयता हाती घेऊ नका, काही तास जड काम टाळा. तासाभरात गोळे थांबले नाहीत तर दवाखाना गाठा.

मीठ-साखरेचे पाणी

प्राथमिक आरोग्य केंद्रात ओआरएसची पाकिटे मिळतात. मोठे पाकीट १ लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवा. पाकीट नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, आणि मिठाचे खडे तोंडात टाकून वर पाणी पिऊ नका. मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत, कैरीचे पन्हे, तांदळाची पेज हेही चांगले. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी जास्तीचे मीठ डॉक्टरांना विचारूनच घ्यावे.

येऊ नये म्हणून

• नुसत्या चहावर रानात जाऊ नका. भाकरी, भाजी, चटणी खाऊन जा. रोजच्या कामाला लागणारे बरेचसे मीठ जेवणातूनच मिळते.

• तहान लागायची वाट पाहू नका. कडक उन्हात दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी घ्या. एकदम तांब्यावर तांब्या पिऊ नका.

• उन्हाळ्याच्या सुरुवातीला, किंवा आजारातून उठल्यावर, पहिले काही दिवस काम बेताने करा. शरीराला उन्हाची सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. सवय झाली की घामातून मीठही कमी जाते.

• जड काम सकाळी आणि संध्याकाळी उरका. लावणी-खुरपणीत मधूनमधून उठून पाय मोकळे करा.

• दारू पिऊन उन्हात काम करू नका.

• रात्री झोपण्यापूर्वी पोटऱ्या आणि मांडीची मागची बाजू ताणा. प्रत्येक ताण १० सेकंद धरा, असे तीन वेळा करा. २०१२ साली नेदरलँड्समध्ये ५५ वर्षांपुढच्या ८० जणांवर याचा प्रयोग झाला. आपण शेतात दोन वाफे वेगळे ठेवून पाहतो, तसे दोन गट केले. ज्यांनी सहा आठवडे रोज ताण दिला, त्यांचे रात्रीचे गोळे कमी झाले आणि दुखणेही कमी झाले. याला खर्च काही नाही.

गोळे येतात म्हणून आपल्या मनाने कॅल्शियमची इंजेक्शने टोचून घेऊ नका. हिवतापावरची क्विनाईनची गोळीही यासाठी घेऊ नका. तिचा हृदयावर आणि रक्तावर वाईट परिणाम होऊ शकतो.

हा साधा गोळा नव्हे

• उन्हात गोळ्यांबरोबर चक्कर, ओकारी, डोके दुखणे सुरू झाले तर काम बंद. बोलणे असंबद्ध झाले, अंग भट्टीसारखे तापले किंवा माणूस कोसळला, तर तो उष्माघात समजा. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

• फवारणीनंतर स्नायू फडफडू लागले, तोंडाला लाळ सुटली, घाम फुटला, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्या, तर ती औषधाची विषबाधा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे विसरू नका. कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाची बाटली किंवा लेबल बरोबर घेऊन दवाखान्यात जा.

• जुलाब-उलट्यांबरोबर गोळे आले तर ओआरएस सुरू करून लगेच दवाखान्यात न्या.

• एकाच पायाला सूज आली, तो गरम लागतो आणि दुखणे थांबत नाही, तर चोळू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

• ठरावीक अंतर चालले की पोटरी दुखते आणि थांबले की राहते, असे असेल तर रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते. विडी ओढणाऱ्यांनी आणि मधुमेह असणाऱ्यांनी हे अंगावर काढू नये.

• गोळ्यांनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे. तातडीने दवाखाना गाठा.

थोडक्यात: गोळा आला की पाय आखडू नका, ताणा. उन्हात आला तर काम थांबवून सावली धरा. पाण्याबरोबर मीठही पोटात जाऊ द्या. मुकादमांनी आणि शेतमालकांनी मजुराचा गोळा हा कामचुकारपणा समजू नये. बांधावर पाण्याचा माठ, सावली आणि ओआरएसची चार पाकिटे ठेवणे हे पेरणीच्या तयारीइतकेच गरजेचे आहे.