बोटीत आठशे अंश

इंग्लंडच्या वेस्ट मिडलंड्समध्ये, स्टोरब्रिजजवळच्या वर्डस्लीला, कालव्याच्या काठावर विटांचा एक अवाढव्य शंकू उभा आहे. उंची सुमारे शंभर फूट. रेड हाउस ग्लास कोन हे त्याचं नाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या या शंकूत कारखाना आणि धुराडं एकच होतं. मधोमध भट्टी, तिच्याभोवती काम करणारे काच-कारागीर आणि वर निमुळत्या होत जाऊन हवा खेचणाऱ्या भिंती. १९३६पर्यंत इथे काच वितळत होती. या भागात काचेचा धंदा रुजवला तो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रान्सच्या लोरेन प्रांतातून आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी. कोळसा आणि प्रचंड उष्णता सोसणारी माती, दोन्ही इथे पायाखाली होतं. १७७९मध्ये स्टोरब्रिजचा कालवा सुरू झाला आणि जड कच्चा माल, नाजूक तयार माल, दोन्हींची ने-आण पाण्यावरून होऊ लागली.

त्या काळी बोटी भट्टीसाठी कोळसा वाहत. आता गणित उलटं झालं आहे. बोटीतच राहणारे आणि बोटीतच काचकाम करणारे काही हौशी आणि व्यावसायिक कारागीर आहेत. त्यांच्याकडे ओट्यावर मावेल एवढी विजेची भट्टी असते, कोळसा नसतो, आणि बहुतेकदा विजेची तारही नसते.

इंग्लंडच्या जुन्या कालव्यांवरची बरीचशी लॉक, म्हणजे पाण्याची पातळी चढवून-उतरवून बोट पुढे नेणारे, दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद, जेमतेम सात फूट रुंद आहेत. त्यामुळे त्यातून जाणारी नॅरोबोट पावणेसात फुटांच्या आसपास रुंद आणि लांबीला थेट सत्तर फुटांपर्यंत. आत चालायला-बसायला मिळते ती सहा फुटांची पट्टी. इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे २,००० मैल जलमार्गांचा कारभार २०१२पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था पाहते. ज्यांनी कायमचा धक्का भाड्याने घेतलेला नाही, त्यांना १९९५च्या कायद्यानुसार एका जागी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. या फिरस्त्यांत व्यापारीही आहेत. कोणी डिझेल-कोळसा विकतं, कोणी चीज, कोणी जुनी पुस्तकं. काचेची पेंडंट, कानातले, खिडकीत टांगायचे रंगीत तुकडे विकणाऱ्यांना माल ठेवायला जागा फारशी लागत नाही. लागते ती वीज.

काच फ्यूज करणं म्हणजे रंगीत काचेचे तुकडे एकमेकांवर रचून ते एकजीव होईपर्यंत तापवणं. साधारण ७५० अंश सेल्सिअसला तुकडे एकमेकांना चिकटतात, पण त्यांचे उंचवटे राहतात. ८०० अंशांच्या थोडं वर गेलं की सगळं वितळून सपाट होतं. या अवस्थेत पृष्ठताणामुळे काच आपणहून सुमारे ६ मिलिमीटर जाडी धरू पाहते. म्हणूनच कारागीर ३ मिलिमीटरच्या पत्र्यांचे दोन थर रचतात. एकच थर ठेवला तर तो कडेने आक्रसतो. दुसरी अट प्रसरणाची. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या बुल्सआय कंपनीची काच आणि खिडकीची साधी काच तापताना-निवताना वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि आकसतात. दोन्ही एकत्र वितळवल्या तर भट्टीतून निघालेला देखणा तुकडा पुढे कधीतरी मधोमध तडकतो.

सगळ्यात वेळखाऊ भाग शेवटचा. वितळलेली काच ५०० अंशांच्या आसपास तासभर थोपवून धरावी लागते आणि मग सावकाश निववावी लागते, नाहीतर आतला ताण तसाच राहतो. तापवायला तीन-चार तास, निववायला त्याहून जास्त. आणि या सगळ्या काळात भट्टीला वीज हवी, कधी पूर्ण, कधी थोडी-थोडी.

इथेच बोटीवरच्या माणसाची पहिली फसगत होते. छोटी फ्यूजिंग भट्टी दीड किलोवॉटच्या आसपास वीज घेते. इंग्लंडमधला साधा १३ अँपिअरचा प्लग तीन किलोवॉटपर्यंत देतो, आणि विजेची किटली तर बहुधा तेवढी खेचतेच. बोटीवरच्या इन्व्हर्टरवर किटली चालत असेल तर भट्टी का चालू नये? भारनियमनाचे दिवस पाहिलेल्या मराठी वाचकाला उत्तर सांगायची गरज नाही: घरच्या इन्व्हर्टरवर पंखा-ट्यूब रात्रभर चालते, पण त्याला गीझर कोणी जोडत नाही. किटली तीन-चार मिनिटांत बंद होते. भट्टी तासन् तास खात राहते. दीड किलोवॉटच्या भट्टीत एक पूर्ण फ्यूज करायला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते.

आता यातली काचेच्या वाट्याला किती येते? दोनशे ग्रॅम काच ८०० अंशांपर्यंत तापवायला लागणारी उष्णता एका युनिटाच्या विसाव्या भागाहूनही कमी आहे. उरलेली सगळी वीज जाते ती विटा, शेल्फ आणि झाकण तापवण्यात आणि फटींतून बाहेर पडण्यात. म्हणजे हा सगळा खटाटोप काचेच्या नव्हे, भट्टीच्या भिंतींच्या पोटासाठी चाललेला असतो. बोटीसाठी भट्टी निवडताना वॉटच्या आकड्याआधी तिचं वजन पाहावं. जड विटांच्या भट्टीपेक्षा सिरॅमिक फायबरच्या हलक्या अस्तराची भट्टी कमी वीज पिते. मात्र ती निवतेही लवकर, म्हणून निववताना तिचा कंट्रोलर जास्त जागरूक लागतो.

बहुतेक नॅरोबोटींवर १२ व्होल्टच्या बॅटऱ्या असतात. दीड किलोवॉट भागिले बारा म्हणजे १२५ अँपिअर, आणि इन्व्हर्टरची गळती धरली तर १४०. एवढा प्रवाह तासन् तास वाहणार म्हणजे ५० चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड केबल, तीही शक्य तितकी आखूड. सैल राहिलेला एखादा नट इथे स्वतःच एलिमेंट होऊन बसतो. जुन्या पद्धतीची ११० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी कागदावर १.३ युनिट साठवते, पण तिचं आयुष्य टिकवायचं तर निम्मीच वापरायची. इन्व्हर्टरची गळती वजा जाता चार बॅटऱ्यांचे मिळून अडीच युनिटही धड हाती लागत नाहीत. त्यात जर्मन शास्त्रज्ञ पॉयकर्टने १८९७मध्ये मांडलेला नियम आड येतो. अशा बॅटरीतून प्रवाह जितक्या जोरात उपसाल, तितकी तिची एकूण क्षमता घटते. भट्टी ६०० अंशांवर असताना इन्व्हर्टर ‘लो बॅटरी’ म्हणत बंद पडला, तर त्याला दोष देता येत नाही.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्यांनी हे चित्र बरंच पालटलं. २८० अँपिअर-अवरचा १२ व्होल्टचा एक संच साडेतीन युनिट साठवतो आणि त्यातला बहुतेक भाग बिनधास्त वापरता येतो. असे दोन संच असले की एक फ्यूज करून रात्रीच्या दिव्यांना आणि फ्रिजला उरते. २४ व्होल्टची मांडणी केली की प्रवाह निम्म्यावर येतो. इन्व्हर्टर मात्र शुद्ध साइन वेव्हचाच घ्यावा. एलिमेंटच्या तारेला लहरीचा आकार कसाही चालतो. तापमान मोजणाऱ्या आणि वेळ पाळणाऱ्या डिजिटल कंट्रोलरला चालेलच असं नाही.

साठवलेली वीज कुठून तरी भरावी तर लागतेच. काठावर ठेवायचा दोन किलोवॉटचा पेट्रोल जनरेटर हा सोपा वाटणारा मार्ग. पण पाटीवरचा आकडा आणि सलग मिळणारा आकडा वेगळे असतात. होंडाचा लोकप्रिय छोटा जनरेटर २२०० वॉटचा म्हणवतो आणि सतत १८०० देतो. भट्टीचा रिले वारंवार चालू-बंद होत असल्याने लोड शून्यावरून दीड हजारावर उडी मारतो, म्हणून इंजिनाचा वेग आपोआप कमी करणारा इको मोड बंद ठेवलेला बरा. व्होल्टेज पडलं तर नुकसान वाटतं त्याहून मोठं असतं, कारण एलिमेंटची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३०चे २१० झाले की उष्णता १७ टक्के कमी. मग भट्टी ७८० अंशांवर रेंगाळते आणि वेळापत्रक कोलमडतं.

शिवाय शेजारधर्म आहे. जवळपास दुसऱ्या बोटी किंवा घरं असतील तर रात्री ८ ते सकाळी ८ वीजनिर्मितीसाठी इंजिन किंवा जनरेटर चालवायला मनाई आहे. भट्टी सकाळी आठाला पेटवली तर काच निववण्याचा नाजूक टप्पा दुपारपर्यंत उरकतो, तेव्हा नियमात बसतं. पण शांत पाण्याच्या कडेला सहा-सात तास घरघर ऐकवणाऱ्याचं शेजारी कसं स्वागत करतात, हे नियमांत लिहिलेलं नाही.

त्यापेक्षा हुशारीचा मार्ग म्हणजे बोट चालवताना भट्टी लावणं. इंजिन तसंही चालूच आहे, अल्टरनेटर बॅटऱ्या भरत आहे. काही बोटींवर तर इंजिनाच्या पट्ट्यावर चालून थेट २३० व्होल्ट देणारा साडेतीन किलोवॉटचा ट्रॅव्हलपॉवर बसवलेला असतो. अडचण लॉकची. दरवाजांना टेकताना बोटीला हिसका बसतो आणि शेल्फवर नीट रचलेले काचेचे कण विस्कटतात. म्हणून लॉक नसलेला लांब पट्टा गाठायचा. ऑक्सफर्ड कालव्यावर क्लेडन ते मार्स्टन डोल्स हा माथ्याचा भाग ११ मैल बिनलॉकचा आहे. अठराव्या शतकातल्या अभियंत्यांनी टेकड्या न फोडता जमिनीच्या उंचसखलपणाला वळसे घालत तो नेला. ताशी तीन मैलांनी तो पार करायला पावणेचार तास लागतात, म्हणजे भट्टी तापण्याला लागतात जवळपास तेवढेच. इंजिनाच्या थरथरीपुरता पांढऱ्या गोंदाचा एखादा थेंब पुरतो. तो तापताना जळून जातो.

सूर्याबद्दल फार आशावादी राहू नये. नॅरोबोटीचं छप्पर लांबलचक असल्याने एक किलोवॉटची पॅनेलं त्यावर सहज बसतात. दक्षिण इंग्लंडमध्ये जूनच्या चांगल्या दिवशी त्यांतून चारेक युनिट मिळतात, म्हणजे एका फ्यूजची सोय. डिसेंबरात त्याच पॅनेलांनी दिवसाला अर्धं युनिट दिलं तरी खूप. आणि काचेच्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं ते नेमकं नाताळच्या आधी! म्हणून जाणते कारागीर मे ते ऑगस्टमध्ये भट्टी झिजवून घेतात आणि हिवाळ्यात फक्त साखळ्या, हुक आणि खोकी जोडत बसतात. ज्यांना परवडतं ते हिवाळ्यापुरता मरिनाचा धक्का घेतात. तिथे बहुधा १६ अँपिअरची जोडणी मिळते आणि प्रश्नच मिटतो. फक्त काही ठिकाणी ती त्याहून बरीच कमी असते, हे आधी विचारून घ्यावं.

वीज जमली तरी बोट ही बोटच. पाण्याची टाकी बहुधा पुढच्या टोकाला असते. आठवडाभर पाणी वापरलं की ती रिकामी होते आणि बोटीचं नाक वर उचललं जातं. काच साच्यात बसवण्यासाठी ६५० अंशांपर्यंत तापवतात, तेव्हा भट्टी कलती असेल तर वाटी एका बाजूला झुकून तयार होते. म्हणून भट्टी पेटवण्याआधी शेल्फवर स्पिरिट लेव्हल ठेवून खाली पाचरी सारायच्या, किंवा सरळ टाकी भरून घ्यायची. काच चिकटू नये म्हणून अंथरलेल्या फायबरच्या कागदातला बांधणीचा पदार्थ सुरुवातीला जळतो आणि सहा फुटी केबिनभर धूर होतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. भिंतींच्या प्लायवुडमागे फोमचं अस्तर असतं. भट्टी त्यापासून लांब, न जळणाऱ्या सिमेंटच्या पत्र्यावर ठेवावी. जनरेटर बोटीत किंवा डेकवर कधीच चालवायचा नाही. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड बोटींवर माणसं दगावण्याचं जुनं कारण आहे. राहण्याची सोय असलेल्या बोटींना दर चार वर्षांनी जी सुरक्षा तपासणी करून घ्यावी लागते, तिच्यात २०१९पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म अनिवार्य झाला.

या साऱ्याला बगल देणारी एक छोटीशी वस्तू बाजारात आहे: मायक्रोवेव्ह भट्टी. सिरॅमिक फायबरचा एक ठोकळा, झाकणाच्या आत सिलिकॉन कार्बाइडचा थर. घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ठेवला की हा थर लहरी शोषून लाल होतो आणि खालची काच काही मिनिटांत वितळते. सव्वा किलोवॉटने पाच मिनिटं म्हणजे एका युनिटाचा दहावा भाग. भिंती जवळजवळ वजनशून्य असल्याने तापवायला फारसं काही नसतंच. पाऊण तास झाकण उघडायचं नाही, एवढंच पथ्य. यात तापमान मोजता येत नाही आणि निववण्यावर ताबा नसतो, म्हणून अंगठ्याच्या पेराएवढी पेंडंट जमतात, बशी जमत नाही. ज्या मायक्रोवेव्हमध्ये काच वितळवली त्यात पुन्हा स्वयंपाक करू नये, हेही आलंच; आणि सहा फुटी केबिनमध्ये दोन मायक्रोवेव्ह ठेवायचे कुठे, हा भांडणाचा विषय होऊ शकतो.

मोठ्या कामासाठी बरेचजण मध्यम मार्ग धरतात. काच कापणं, रचणं, गोंदाने टेकवणं हे बोटीत, आणि भाजणं काठावरच्या एखाद्या स्टुडिओत, भट्टीचं भाडं देऊन. आज भरलेली भट्टी दुसऱ्या दिवशीच उघडता येते, त्यामुळे निदान एक रात्र जवळ मुक्काम करावा लागतो. १४ दिवसांच्या मर्यादेत ते आरामात बसतं.